वाचन वाढलं, माहिती वाढली, पण देवाला ओळखणं वाढतंय का हे कळायचं कसं?

प्रश्नच_प्रश्न

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

२ पेत्र ३:१८ मध्ये म्हटलंय की आपला प्रभू आणि तारणारा येशू ख्रिस्त याच्या कृपेत आणि ज्ञानात वाढत जा. ते त्या पत्रातलं शेवटचंच वचन आहे, म्हणजे पेत्राने निरोप घेताना सांगितलेली गोष्ट, तेव्हा ती काही किरकोळ नसणार. आता माझं असं आहे की वाचन अगदी व्यवस्थित चालू आहे. मोबाईलवर वर्षाचा प्लॅन लावलाय, रोजच्या रोज हिरवी टिक पडते, एखादा दिवस चुकला तर रात्री झोपायच्या आधी दोन दिवसांचं उरकून टाकतो. लहानपणापासून बायबल क्विझमध्ये पुढे असायचो, अजूनही कुणी विचारलं तर बारा लघुसंदेष्टे क्रमाने म्हणून दाखवीन आणि पौलाचे तीन प्रवास शहरांच्या नावांसकट.

पण मध्यंतरी फेलोशिपमध्ये एका मित्राने सहजच विचारलं, गेल्या वर्षी तू देवाला जितका ओळखत होतास त्यापेक्षा आज जास्त ओळखतोस का. बस, तिथेच अडकलो. माहिती जास्त आहे हे शंभर टक्के. पण तो म्हणाला तसं ओळखणं वाढलंय का, याला माझ्याकडे ना हो आहे ना नाही.

तर विचारायचं हे होतं की हे वाढतंय हे कशावरून समजायचं? भावनेवरून धरायचं म्हटलं तर माझं अवघडच आहे, उपासनेत आजूबाजूचे लोक डोळे पुसत असतात आणि मी पुढच्या गाण्याचा नंबर शोधत असतो. की अभ्यास जरा बाजूला ठेवून प्रार्थना वाढवायला हवी? अनुभव असेल त्यांनी सांगा, नुसतं "प्रार्थना करा ब्रदर" असं नको प्लीज.

---

मोहरीचा_दाणा

ब्रदर, तुम्ही एकटे नाही आहात, आणि गंमत म्हणजे बायबलमध्ये तुमच्यासारखा एक मुलगा आहेच. १ शमुवेल ३ काढा. शमुवेल लहानपणापासून मंदिरात, याजक एलीच्या हाताखाली परमेश्वराची सेवा करतोय, आणि झोपतो कुठे, तर जिथे देवाचा कोश आहे तिथे. यापेक्षा जवळ कुणी राहू शकतं का? तरी ७ व्या वचनात सरळ लिहिलंय की शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. हाक येते, तो उठून एलीकडे पळतो, एकदा नाही तीनदा. आवाज ऐकू येतोय पण कुणाचा ते कळत नाही.

मला त्या अध्यायात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. चौथ्या वेळी तो म्हणतो, बोल, तुझा दास ऐकत आहे. आणि देव पहिल्यांदा त्याच्याशी जे बोलतो ते काही गोडगोड नाही, एलीच्या घराण्यावर येणाऱ्या शिक्षेबद्दल आहे. पोरगं सकाळपर्यंत तसंच पडून राहतं, उठून मंदिराची दारं उघडतं, आणि एलीला कसं सांगायचं म्हणून घाबरतं. पण सांगतं. काही लपवत नाही. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी लिहिलंय की परमेश्वर शिलोत त्याला पुन्हा पुन्हा दर्शन देत राहिला.

म्हणून मी तुमचा प्रश्न थोडा फिरवून विचारीन. गेल्या वर्षभरात वाचताना असं कधी झालं का, की एखादं वचन नकोसं वाटलं, आणि तरी तुम्ही ते टाळलं नाहीत? झालं असेल तर वाढ आहे, टिक पडली की नाही आणि डोळ्यात पाणी आलं की नाही ते सोडून द्या.

---

साधं_सरळ

एवढं डोकं कशाला लावायचं राव. पौलाने सांगून ठेवलंय, ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते, १ करिंथ ८:१. शिकून शिकून माणूस फक्त वाद घालायला शिकतो, मी आमच्या ग्रुपमध्ये रोज बघतो. देवावर प्रेम करा, माणसांवर प्रेम करा, विषय संपला.

---

समासातल्या_नोंदी

विषय संपत नाही हो दादा, माफ करा. ८:१ सगळेच फेकतात पण त्याच्या पुढची दहा वचनं कुणी वाचत नाही, त्यामुळे मला जरा बोलावंच लागतं.

करिंथमध्ये भांडण कशावरून होतं, तर मूर्तीला दाखवलेलं मांस खायचं की नाही. काही लोक म्हणत होते की मूर्ती म्हणजे काहीच नाही, देव एकच आहे, मग खायला काय हरकत. आता बघा, पौल त्यांना चूक म्हणत नाही! तो ४ थ्या वचनात म्हणतो की बरोबर आहे, मूर्ती काही नाही, देव एकच. म्हणजे ज्ञान बरोबरच होतं. बिघडलं कुठे तर ११ व्या वचनात, ज्या दुबळ्या भावासाठी ख्रिस्त मेला तोच तुझ्या ज्ञानामुळे नाश पावतो. आता यावर पौलाने उपाय काय सांगितला? कमी शिका असं तो कुठेही म्हणत नाही. तो म्हणतो की तुला एवढं कळलंय तर त्या भावासाठी आपला हक्क सोड. आणि हाच पौल फिलिप्पैकरांसाठी प्रार्थना करताना (१:९) म्हणतो की तुमची प्रीती ज्ञानात आणि समजुतीत अधिकाधिक वाढावी. ज्ञान विरुद्ध प्रेम अशी कुस्ती आपण लावली, त्याने नाही.

दारावरची पाटी रोज वाचून घरातल्या माणसाची ओळख होत नाही हे मान्य, पण पाटी न वाचताच आत शिरलात तर भलत्याच घरात जाऊन बसाल. आपल्या मनातला देव तयार करायला वेळ लागत नाही, आणि तो देव नेहमी आपल्याच बाजूने असतो, आपल्याला जे आवडत नाहीत ते त्यालाही आवडत नाहीत.

पण मूळ प्रश्नकर्त्याला मी दुसरंच सांगणार होते. योना वाचा, देवाने निनवे शहराला इशारा द्यायला पाठवलं आणि उलट दिशेला पळाला तो संदेष्टा. चारच अध्याय आहेत, एका बैठकीत होतो. आपण माशाच्या गोष्टीत अडकतो आणि खरा धक्का चौथ्या अध्यायात आहे. मोशेने निर्गम ३३ मध्ये देवाला म्हटलं होतं की मला तुझे मार्ग दाखव म्हणजे मी तुला ओळखीन, आणि ३४:६ मध्ये देवाने स्वतःबद्दल स्वतः सांगितलं, दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दयेचा भरपूर, आणि लगेच पुढे हेही की अपराध्याला तो तसाच सोडत नाही. देव कोण आहे हे देवाच्याच तोंडून आलेलं ते वाक्य, त्यामुळे पुढे ते सगळीकडे फिरतं, गणना १४, नहेम्या ९, स्तोत्र ८६, १०३, १४५, योएल २. आणि योना ४:२. योनाला ते तोंडपाठ होतं. पण तो ते म्हणतो कशासाठी, तर तक्रार म्हणून! मला माहीतच होतं तू दयाळू आहेस, म्हणूनच तर मी तार्शीशला पळालो होतो. निनवेच्या लोकांवर तू दया करशील हे मला ठाऊक होतं आणि तेच मला नको होतं.

क्विझमध्ये योनाला पूर्ण मार्क. आणि बसलाय कुठे, तर शहराच्या पूर्वेला मांडव घालून, आता तरी याचं वाटोळं होतं का बघत.

म्हणून मी माझ्या वहीत (हो, अजूनही वहीच, आणि बायबलच्या समासात पेन्सिल) एकच प्रश्न लिहून ठेवलाय. आज वाचलं त्यात देव कसा आहे हे दिसलं, आणि तो तसा आहे हे मला आवडतंय का? दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर पुष्कळदा नाही असंच येतं, आणि माझ्या मते खरा अभ्यास तिथूनच चालू होतो.

---

प्रश्नच_प्रश्न

ताई, योनाचं ते असं कधी बघितलंच नव्हतं. मला "योनाच्या पुस्तकात किती अध्याय" हे माहीत होतं आणि "निनवेत किती लोक होते" हे पण (एक लाख वीस हजारांहून जास्त, ४:११, सवय जात नाही). पण तो बरोबर बोलून रुसलाय हे लक्षातच आलं नव्हतं.

मग आता पुढचा प्रश्न. दाण्याने पण म्हटलं आणि तुम्ही पण म्हणताय की वाचून झाल्यावर काहीतरी घडायला पाहिजे. म्हणजे आज्ञा पाळणं, बरोबर? पण मग हे परत कामाच्या यादीसारखंच होणार ना, वाचलं टिक, पाळलं टिक. आणि कृपेचं काय? पेत्राने कृपेत आणि ज्ञानात असं दोन्ही म्हटलंय.

---

जुनी_वाट

बाळा, प्रश्न चांगला विचारलास. मी आता वयाने बरीच मोठी आहे, तेव्हा अरेतुरे करते, राग नसावा. आमच्या मंडळीत स्त्रियांचा अभ्यासवर्ग घेते, तिथे हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच.

तुला दोन राजे दाखवते, बाप आणि मुलगा. बाप योशिया. त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी मंदिराची दुरुस्ती चालली होती, त्यात महायाजक हिल्कीयाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, चिटणीस शाफानाने तो राजाला वाचून दाखवला आणि ऐकता ऐकता राजाने आपली वस्त्रं फाडली (२ राजे २२). मुलगा यहोयाकीम. त्याच्यासमोर यिर्मया संदेष्ट्याची गुंडाळी वाचली. हिवाळ्याचे दिवस, समोर शेगडी पेटलेली, आणि तीन-चार रकाने वाचून झाले की हा चाकूने तेवढा तुकडा कापायचा आणि शेगडीत टाकायचा. असं करत करत अख्खी गुंडाळी जाळली (यिर्मया ३६). ऐकली त्याने पण, हे लक्षात घे. दोघांच्याही कानावर देवाचं वचन पडलं, पण एकाने कपडे फाडले आणि दुसऱ्याने वचनच कापलं.

आता यिर्मया २२ वाच. हा यहोयाकीम स्वतःला मोठा वाडा बांधतोय, गंधसरूची तक्तपोशी, शेंदरी रंग, आणि मजुरांना राबवून त्यांची मजुरी देत नाही. त्याला देव सांगतो, तुझा बाप न्यायाने वागत होता, गरिबाच्या आणि दुबळ्याच्या बाजूने त्याने न्याय केला, आणि मग विचारतो, मला ओळखणं ते हेच ना? (१६ वं वचन.) मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही वाचवेना. कारण मला वाटायचं आधी देवाला ओळखायचं आणि मग त्यातून चांगली कामं निघतात. देव तर म्हणतो की योशिया गरिबाच्या बाजूने उभा राहिला, ते ओळखणंच होतं.

आता तुझी टिकेची भीती. कलस्सै १:१० बघ, पौलाच्या एकाच वाक्यात दोन गोष्टी शेजारी आहेत, प्रत्येक चांगल्या कामात फळ देणं आणि देवाच्या ज्ञानात वाढणं. चालायला लागल्यावर रस्ता पुढे पुढे दिसत जातो. योहान ७:१७ मध्ये प्रभू येशूने पण हेच म्हटलंय, देवाच्या इच्छेप्रमाणे करायची ज्याची मनीषा आहे त्याला ही शिकवण देवाची आहे की नाही ते समजेल. मनीषा म्हटलंय हं, शंभरापैकी शंभर असं नाही. कृपा इथेच लागते. कारण खरंच पाळायला गेलास की पहिल्या आठवड्यातच कळतं आपल्याच्याने होत नाही, आणि मग क्षमा मागायला जातोस, आणि क्षमा मिळते, आणि तेव्हा देव कसा आहे ते जितकं कळतं तितकं दहा पुस्तकं वाचून कळत नाही. टिक लावणाऱ्याला क्षमेची गरजच पडत नाही ना, त्याचं सगळं पूर्णच असतं.

माझं सांगते. एका नातेवाइकाशी माझं बोलणं बंद होतं, कारण सांगत बसत नाही. मत्तय ६ मधली क्षमेची वचनं मी वर्गात दरवर्षी शिकवायची. एकदा ठरवलं, हे वचन संपेपर्यंत पुढे जायचं नाही. रोज तेच वाचायचं आणि रोज त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. सुरुवातीला प्रार्थना म्हणजे काय, दात-ओठ खाऊन म्हटलेले शब्द. मग हळूहळू त्याच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. मग फोन केला. तो काही फार गोड बोलला नाही, आजही आमचं यथातथाच आहे. पण देवाने मला माफ करताना त्याला काय लागलं असेल याचा थोडा अंदाज तेव्हा आला, आणि वधस्तंभाविषयी मी शिकवायचे ते सगळं त्यानंतर वेगळ्याच आवाजात शिकवायला लागले, असं वर्गातल्या बायका म्हणतात.

---

साधं_सरळ

आजी, तुमचं पटलं. समासवाल्या ताईंचं पण पटलं, ते ८:११ मी वाचलंच नव्हतं असं म्हणायला हरकत नाही.

पण माझा मुद्दा अजून उभा आहे. तुम्ही सगळे वाचणारे लोक आहात. ज्याला वाचताच येत नाही त्याचं काय? माझ्या आजोबांना सही पण येत नव्हती, अंगठा होता, आणि त्यांच्याइतकं देवाला ओळखणारा माणूस मी बघितला नाही. मग समासात नोंदी कुणी करायच्या?

---

समासातल्या_नोंदी

हा प्रश्न खरंच चांगला आहे आणि मी यात तुमच्या बाजूने आहे. पहिल्या शतकातल्या मंडळीत बहुतेकांना वाचता येत नव्हतं, आणि प्रत्येकाच्या घरी ग्रंथ असण्याचा तर प्रश्नच नव्हता. पौलाची पत्रं मोठ्याने वाचली जायची आणि लोक ऐकायचे. कलस्सै ४:१६ मध्ये तो सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचायला द्या. १ थेस्सल ५:२७ मध्ये तर जवळजवळ शपथच घालतो की सगळ्या भावांना हे वाचून दाखवा. प्रकटी १:३ मध्ये वाचून दाखवणारा आणि ऐकणारे, दोघांनाही धन्य म्हटलंय. विश्वास ऐकण्याने होतो, रोम १०:१७.

तुमच्या आजोबांनी ऐकलेलं असणार आणि मनात धरून ठेवलेलं असणार. आपण वाचतो आणि ॲप लक्षात ठेवतं.

आणि यातून अजून एक निघतं जे आपण एकेकटे मोबाईल घेऊन बसणारे विसरतो. इफिस ३:१८ मध्ये ख्रिस्ताच्या प्रीतीची रुंदी, लांबी, उंची, खोली समजावी अशी प्रार्थना आहे, पण ती "सर्व पवित्र जनांसह" समजावी असं आहे. एकट्याला ती पुरी समजणारच नाही. अपुल्लोचं बघा, शास्त्रात पारंगत, जोरदार वक्ता, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला (कृत्ये १८), आणि हे दोघं तंबू शिवणारे. मला वाटतं प्रश्नच_प्रश्न यांच्या मित्राने तो प्रश्न विचारला तेच मोठं काम झालं, तसा विचारणारा मित्र सगळ्यांना मिळत नाही.

---

रात्रपाळी

उशिरा आलो थ्रेडवर. भावनेबद्दल कुणी फारसं बोललं नाही म्हणून लिहितो, कारण प्रश्नकर्त्याने ते विचारलं होतं.

वडील बरेच महिने अंथरुणाला खिळून होते तेव्हा रात्री त्यांच्याजवळ मी बसायचो. त्या काळात मला देवाबद्दल काहीही वाटत नव्हतं. राग पण नाही, नुसतं रिकामं. स्तोत्रं वाचायचो कारण वडिलांना ऐकायची असायची. एका रात्री ८८ वं निघालं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळतात, "तरी मी तुझी स्तुती करीन" वगैरे. हे वळतच नाही. जवळची माणसं गेली, आणि शेवटी अंधार, तिथेच संपतं. मी थांबलो, म्हटलं पुढचं वाचू का. वडील म्हणाले, नाही, हेच परत वाच.

तेव्हापासून मी हे धरून चाललोय की ज्या देवाने हे स्तोत्र आपल्या ग्रंथात राहू दिलं त्याला माझ्या कोरडेपणाची भीती नाही. आणि बघा, ते स्तोत्र लिहिणारा देवाशीच बोलतोय, पहिलीच ओळ "हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा" अशी आहे. काही वाटत नसताना तोंड त्याच्याकडेच ठेवणं, हे पण ओळखणंच आहे असं मला वाटतं.

सगळं गमावून दुःखात पडलेल्या ईयोबाचं पण तसंच. त्याचे मित्र देवाबद्दल किती नीटनेटकं बोलतात, त्यातली अर्धी वाक्यं भिंतीवर लावता येतील. ईयोब आरडाओरडा करतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. आणि शेवटी (४२:७) देव अलीफजला म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ईयोबाला दुःखाचं कारण मात्र शेवटपर्यंत सांगितलं जात नाही, ३८ ते ४१ अध्याय देव उलट प्रश्नच विचारतो. तरी तो म्हणतो की आधी तुझ्याविषयी कानाने ऐकलं होतं, आता डोळ्यांनी बघतोय. उत्तर मिळालं नाही पण देव भेटला.

तर ब्रदर, गाण्याचा नंबर शोधत असाल तर शोधा. रडणाऱ्यांशी तुलना करू नका, त्यातले काही माझ्यासारखे नुसते रात्रभर जागलेले पण असतात.

---

मोहरीचा_दाणा

रात्रपाळी भाऊ, धन्यवाद. ८८ परत वाचायला घेतो.

प्रश्नकर्त्यासाठी एक प्रॅक्टिकल गोष्ट राहिली म्हणून परत आलो. अभ्यास की प्रार्थना असं तुम्ही विचारलं होतं, मी म्हणतो ते वेगळं करूच नका. पौलाने मंडळ्यांसाठी केलेल्या प्रार्थना घ्या, इफिस १:१७ पासून, इफिस ३:१६ पासून, फिलिप्पै १:९ ते ११, कलस्सै १:९ ते १२, आणि त्याच शब्दांत स्वतःसाठी आणि एखाद्या दुसऱ्या माणसासाठी मागा. मला त्यातली गंमत अशी वाटली की या चारही ठिकाणी तो संकट टळावं, आजार जावा असं काहीच मागत नाही (ते मागायला मनाई आहे असं नाही), देवाची ओळख मागतो. आणि इफिस १:१७ मध्ये ती ओळख देणारा आत्मा मिळावा म्हणून मागतो, म्हणजे ही गोष्ट मिळवायची नसून मिळायची आहे. फिलिप्पैकरांस पत्र तर तो स्वतः बंधनात असताना लिहितोय, दिमिष्काच्या वाटेवर प्रभू भेटला त्याला तेव्हा वीसेक वर्षं तरी उलटून गेली होती, आणि तरी ३:१० मध्ये म्हणतो की मला त्याला ओळखायचंय, आणि दोनच वचनांनंतर म्हणतो की मी अजून पोचलो नाही. पौल पोचला नव्हता तर आपण गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या हिशेबात फार अडकू नये.

पंडिता रमाबाईंचं पण आठवलं. १८८३ मध्ये बाप्तिस्मा झाला, धर्मशास्त्र वाचलेलं, संस्कृतच्या पंडिता, आणि त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय की ख्रिस्ती धर्म त्यांना सापडला होता पण ख्रिस्त सापडायला पुढे काही वर्षं जावी लागली. एवढ्या विदुषीला वेळ लागला. आणि तो सापडल्यावर त्यांनी अभ्यास सोडला नाही बरं का, उलट मूळ भाषा शिकून अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या.

---

प्रश्नच_प्रश्न

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते सांगतो. ॲपवरचा प्लॅन बंद करत नाही, पण वेग कमी करतोय. ११८९ अध्याय वर्षात बसवायचे म्हणजे दिवसाला तीन-चार होतात, आणि माझं चौथ्याकडे लक्षच नसतं. आता फिलिप्पै घेतोय, चार अध्याय, महिनाभर तेच. ताईंचा "तो तसा आहे हे मला आवडतंय का" वाला प्रश्न वहीत लिहिलाय. आजींनी जे सांगितलं त्यावरून एक नाव डोळ्यासमोर आलंय, ते इथे लिहित नाही. मित्राला पण सांगितलं की हाच प्रश्न मला दर महिन्याला विचारत जा.

एकच राहिलं. दरवर्षी लेवीयमध्ये, त्या अर्पणांच्या आणि नियमांच्या पुस्तकात, माझी गाडी अडकते, आता वेग कमी केल्यावर तर अडकणारच. ते सोडून दिलं तर चालेल का? त्यात देवाची ओळख कुठे शोधायची?

---

जुनी_वाट

सोडू नकोस, फक्त दारातून न जाता खिडकीतून जा. आधी १९ वा अध्याय वाच. शेताच्या कडा कापू नका, त्या गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका, यहोयाकीमने मोडलं ते हेच. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, हे प्रभू येशूने उचललं ते इथलंच, १८ वं वचन. आणि जवळजवळ प्रत्येक नियमाच्या शेवटी एकच वाक्य येतं, मी परमेश्वर आहे. नियम वाचताना प्रत्येक ठिकाणी विचार, असा नियम करणारा कसा असेल. मग १६ वा, प्रायश्चित्ताचा दिवस, तो इब्री ९ आणि १० शेजारी ठेवून वाच. एवढं झालं की मग पहिल्या अध्यायापासून सुरू कर, अर्पणांचं रक्त आणि राख तेव्हा एवढं परकं वाटणार नाही. आणि १३-१४ मध्ये कोड आणि बुरशीचं आलं की कंटाळा येईल, येऊ दे, मला पण येतो.